आभाळातून पडलेला गोळा

दिंद्रुडजवळच्या आमच्या वस्तीवर आभाळातून पातळ प्लास्टिकचा चंदेरी गोळा पडला आणि दोन दिवसांत त्याच्यापुढं नारळ फुटू लागले. त्रिंबकबुवानं तो पत्र्याच्या खोलीत टांगला, खाली शेगडी पेटवली, वर मूठभर ऊद टाकला. सुरकुतलेला गोळा हळूहळू फुगला.

"बगा, देवानं श्वास घेतला! आता तुमची धाप ह्यो ओढून घेनार!" बुवा ओरडला. स्वतःला शिंका आल्या की हाच बुवा इंजेक्शनला पळतो, बरं का!

मी सत्यशीला, इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. गर्दीत घुसले ती मनिषासाठी. माझ्या वर्गातली पोर. आईबाप ऊसतोडीला गेलेले, म्हणून आजीनं, सावित्रीबाईंनी, तिला गोळ्याखाली आणून बसवलेलं. छाती भात्यासारखी चाललेली, ओठ निळे पडलेले.

"उठवा तिला! दवाखान्यात चला!"

"बाई, मधूनच उठलं की गुण जातो म्हनत्यात. लई हाल झाले वो लेकराचे."

"शाळेची बाई देवाला शिकवती व्हय?" बुवा हसला.

अस्सा संताप आला! प्रसादातलं वेफर्सचं बंद पाकीट उचललं आणि शेगडीवर धरलं. ते टम्म फुगलं.

"घ्या, हा दुसरा देव! आतली हवा तापली की पसरते, एवढंच." शेगडी फडक्यानं धरून बाहेर नेऊन ठेवली. थोड्याच वेळात गोळा पुन्हा सुरकुतला.

"असले गोळे शास्त्रज्ञ रॉकेटमधून पार वर नेऊन सोडतात. विरळ हवेत गोळा झपाट्यानं पडतो, दाट हवेत रेंगाळतो. त्या वेगावरून तिथली हवा किती दाट ते मोजतात. हा बहुधा चाचणीचा असेल, मोठ्या फुग्यावरून सोडलेला, वाऱ्यानं इकडं आणलेला. देव श्वास घेत नव्हता. तुमचा बुवा धूर करत होता आणि तो धूर या पोरीच्या छातीत चालला होता!"

बुवा मागच्या दारानं सटकला. आम्ही मनिषाला जीपमध्ये घातलं. माजलगावच्या अलीकडंच तिचा श्वास थांबला.

सावित्रीबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिचे केस सारखे करत म्हणाल्या, "बाई, हिच्या मायला फोनवर काय सांगू? देवानं नेलं म्हनू?"

हो म्हणणं सोपं होतं. मला रडू आवरेना.

"न्हाई, सावित्रीबाई. धुरानं नेलं म्हणा. आणि भेटेल त्याला सांगा, धाप लागलेलं लेकरू कुणाच्या देवापुढं बसवू नका, आधी डॉक्टरकडं न्या."