आडकाठी

विमानातला एसी बिघडला की प्रवासी हवाईसुंदरीवर चिडतात, ती कॅप्टनकडे जाते आणि कॅप्टन मला बोलावतो. माझ्यापुढे कुणी नाही. सुरतच्या विमानतळावर आमच्या कंपनीचा इंजिनिअर मी एकटाच. एक मदतनीस आहे, भगवान, पण तो मेव्हणीच्या लग्नाला शहाद्याला गेला होता. त्याच्या मेव्हण्या काही संपत नाहीत.

त्या दुपारी बंगळुरूच्या विमानात माझे आबा बसले होते. जन्मात पहिल्यांदा विमानात, आणि परत न येण्यासाठी.

आबांनी सगळी उमर इथल्याच लिंबायत भागात कापडाच्या लूमवर काढली. आई गेल्यावर गोडादऱ्याच्या घरात आम्ही दोघंच उरलो. माझ्यासाठी मुली बघून बघून नातेवाईक थकले आणि मी सुटलो. मोठा भाऊ वैभव बंगळुरूला असतो. दिवाळीत तो म्हणाला, "आबा, आता कायमचे इकडेच या." आबा लगेच "येतो" म्हणाले. मला ते लागलं. मग मीही ताठ मानेनं म्हणालो, "जा की." इथंच राहायचंय का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आमच्या घरात तर पिळाचे दोन सुंभ राहत होते.

दार लागायच्या आधीच कॅप्टननं हेडफोनवर सांगितलं, "उजवा एसी तापतोय. व्हॉल्व्ह उघडत नाही असं दाखवतंय."

विमानाच्या एसीत इंजिनाकडून कढत हवा येते. तिला थंड करायला बाहेरची हवा आत घ्यावी लागते, आणि ती किती घ्यायची हे एक व्हॉल्व्ह ठरवतो. तो उघडला नाही की एसी तापून बंद पडतो. मी दिल्लीच्या कंट्रोल रूमला फोन लावला. तिथं उंटावरून शेळ्या हाकणारे बसलेले असतात. एक म्हणाला, "व्हॉल्व्ह गेला असणार. नवा उद्या पाठवतो. तू फक्त सांग, विमान थांबवून टाकू."

तेवढ्यात खिशातला दुसरा फोन वाजला. आबा.

"गज्या, हाई इमान का बरं थांबनं?"

"बिघाड शे आबा. देखस मी."

"निघताना आडकाठी उनी रे," ते हळूच म्हणाले. "उतरू का मी?"

आबांचा एक नियम आहे. निघताना आडकाठी आली की त्या वाटेला पुन्हा पाऊल टाकायचं नाही. सायकलची चेन निसटली म्हणून त्यांनी वैभवला आलेलं एक चांगलं स्थळ कायमचं सोडलं होतं. आज हे विमान थांबलं असतं तर आबा उद्याच काय, कधीच बंगळुरूला गेले नसते. संध्याकाळी गोडादऱ्याच्या ओट्यावर बसून त्यांनी दिल्लीवाल्यांना शिव्या घातल्या असत्या, आणि मी भाकरी थापल्या असत्या.

"थांबा, देखीसन सांगस," म्हणालो आणि विमानाच्या पोटाखाली शिरलो.

वीज तोडून पॅनेल उघडलं. खरं सांगतो, व्हॉल्व्ह मेलेला असावा असं मला मनापासून वाटत होतं. इतकी वर्षं विमानं बरी करतोय, आजारी निघावं म्हणून पहिल्यांदाच देवाला विनवलं. पण हात आधी व्हॉल्व्हच्या प्लगकडेच गेला. आमचं विमानतळ डुमसच्या समुद्राला लागून. खारा वारा कुठंही शिरतो. प्लग काढला, तर एका पिनेवर हिरवट थर धरला होता. व्हॉल्व्हपर्यंत हुकूमच पोचत नव्हता. तो बिचारा निर्दोष होता. नवा मागवला असता तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती.

प्लग हातात घेऊन मी तसाच बसलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. तो परत लावून "व्हॉल्व्ह गेला" म्हटलं असतं तर कुणीही तपासलं नसतं. दिल्लीवाला तर मी तेवढं म्हणायचीच वाट बघत होता. आबा घरी आले असते. मला आबा घरी हवे होते.

पण वर माणसं उकडत होती, कुणाची तरी कुणी वाट बघत होतं. शिवाय खोटी सही मला जमत नाही. आबांनीच तसं वाढवलंय. मी पिना स्वच्छ केल्या, पारखून बघितल्या, प्लग घट्ट बसवला. वीज दिली. कॅप्टनला एसी चालू करायला सांगितला आणि खालून नजर लावली. व्हॉल्व्ह निमूट उघडला.

मी पॅनेल लावलं, सही केली, दारातूनच कॅप्टनला कागद दिला आणि खाली येऊन आबांना फोन केला. आता विचारणारच होतो. थांबता का, एवढंच.

"व्हयनं का नीट?" त्यांनीच आधी विचारलं.

"व्हयनं."

"कोनी करं?"

"मीच करं, आबा."



"माले वाटनं, तू थांबा म्हनशी," ते म्हणाले. "पन तू तं सोताच आडकाठी काढी टाकी. मंग जास मी. येळवर जेवन करी लेजो."

"आबा, आयका तं..."

मागून हवाईसुंदरीचा आवाज आला, काका, फोन बंद करा. आबा कुणाचं म्हणणं टाळत नाहीत. त्यांनी बंद केला.

मी पुन्हा लावला. लागला नाही.

दार लागलं. शिडी मागे सरकली. हेडफोनची वायर अजून विमानाला जोडलेली होती, नुसतं बोललो असतो तरी कॅप्टनला ऐकू गेलं असतं. काय बोलणार होतो? बिघाड तर काहीच नव्हता.

"ग्राउंड, क्लिअर?" कॅप्टननं विचारलं. म्हणजे, वाट मोकळी आहे ना?

खाली मी एकटाच होतो. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"क्लिअर," मी म्हणालो.