सासूने पेरलेला ग्रह

मला गप्प बसता येत नाही. अभिमानाने सांगत नाही, पण लाजूनही सांगत नाही. शेजारीण असो, टॅक्सीवाला असो की मुलाच्या दवाखान्यातली ती नखं रंगवणारी मदतनीस, ज्याला जे सुनवायचं ते मी तोंडावर सुनवते. अशा बाईला आमच्या वेधशाळेने काम काय द्यावं? तर तोंडाला कुलूप लावून बसायचं!

काम असं. दूरच्या एखाद्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह गेला, की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. ग्रह फेरी मारून परत आला, की पुन्हा उतरतो. आमची मंडळी हजारो ताऱ्यांच्या उजेडाचे आलेख बघत असे खळगे हुडकत बसतात. पण बघून बघून डोळे फसतात. कुणाला नसलेले खळगे दिसतात, कुणाला असलेले दिसत नाहीत. म्हणून दरवर्षी एक जण संगणकावर काही ताऱ्यांच्या उजेडात खोटे खळगे घालून ठेवतो. धान्यात मुद्दाम खडे टाकायचे आणि निवडणाऱ्याची नजर तपासायची, त्यातलाच प्रकार. सगळ्यांनी आपापले शोध जाहीर केले, की एके दिवशी भरल्या बैठकीत खोटे कोणते ते उघड करायचं. तोवर त्या माणसाने हूं की चूं करायचं नाही. तो माणूस म्हणजे मी. आणि निवडणाऱ्यांत माझी सून.

हसा. सगळेच हसतात. माझा मुलगा दातांचा डॉक्टर आहे, तो तर खुर्चीत आ वासून बसलेल्या पेशंटलाही सांगतो, "आमच्याकडे सासू पगार घेऊन सुनेच्या वाटेत खड्डे खणते."

सून मला कामावर मॅडम म्हणते आणि घराच्या कुलपात किल्ली फिरली की आई. पोरगी हुशार, पण हट्टी. यंदा तिचा करार संपत होता आणि आजवर हाती काही लागलं नव्हतं. एका विमा कंपनीने चांगली जागा देऊ केली होती, महिनाअखेर उत्तर मागितलं होतं.

"या खेपेलाही काही निघालं नाही ना आई, तर मी जाते," ती म्हणाली. "नाही नशिबात, दुसरं काय!"

ती जायला नको होती मला. सून म्हणून म्हणत नाही, सून कुठे पळून जातेय! पण तिच्यासारखी नजर आमच्याकडे दुसऱ्या कुणाची नव्हती.

आणि मग एका संध्याकाळी ती घरी आली तीच नाचत.

"आई, ग्रह! त्या लहानशा तांबूस ताऱ्याभोवती. चांगला ठसठशीत खळगा आहे, आणि घड्याळ लावल्यासारखा परत येतोय!"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. तो तारा मला चांगला ठाऊक होता. पूर्वी मीच तो तपासून 'इथे काही नाही' असा शेरा मारला होता. आणि काही नाही म्हणूनच यंदाचा सगळ्यात मोठा खोटा ग्रह मी तिथे टाकला होता. ती नाचत होती ती माझ्या खड्याभोवती.

"पण एक गोम आहे," ती खुर्ची ओढत म्हणाली. "तिथेच आणखी एक बारीक खळगा दिसतोय. त्याची फेरी वेगळी. मोठे साहेब म्हणाले, तो गाळ आहे, मोजणीतली नुसती खरखर, वगळून टाक, नाहीतर त्याच्यापायी लोक मोठ्यावरही शंका घेतील. काय करू? ठेवू की वगळू?"

मोठा माझा होता. बारीक माझा नव्हता. मग कुणाचा? गाळ असेल, बहुतेक वेळा गाळच असतो. पण नसला तर? 'ठेव' हा एक शब्द माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. तो सुटला असता तर वर्षभराची सगळ्यांची परीक्षा पाण्यात गेली असती, आणि सुनेला सासूने पेपर फोडून दिला म्हणून तिचा खरा शोधही कुणी खरा मानला नसता. मी उठले आणि भांडी घासायला लागले.

"कामाचं घरी बोलायचं नाही, ठरलंय आपलं," मी पाठमोरीच म्हणाले.

"एरवी माझ्या भाजीतल्या मिठापासून केसांच्या पिनांपर्यंत सगळ्यात बोलता. आज मी आपण होऊन विचारतेय तर तोंड फिरवता? मी मॅडमना नाही विचारत. आईंना विचारतेय."

मी नळ मोठा केला.

"आई गप्प?" मुलगा म्हणाला. "थर्मामीटर आणू का?" कुणी हसलं नाही.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. गाडीत शेजारी बसायची आणि खिडकीबाहेर बघायची. तिने काय ठरवलं ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. असला मुका मार मी आयुष्यात खाल्ला नव्हता.

उघड करायचा दिवस आला. बैठकीची खोली भरली होती, कागदी कपांतली कॉफी फिरत होती. मोठ्या साहेबांनी सुनेचा तारा पडद्यावर लावला. तिने दोन्ही खळगे ठेवले होते. कुणाचंही न ऐकता! माझा जीव भांड्यात पडला, पण पुढचं काम मलाच करायचं होतं. मी परवलीचा शब्द टाकला.

तिचे मोठे खळगे एकामागून एक तांबडे झाले. तांबडे म्हणजे खोटे.

कुणीतरी "अरेरे" म्हणालं. साहेब उगाचच खोकले. सुनेने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं. तिचा चेहरा नुसता उतरला होता, आणि तो उतरवणारी मी होते.

मग संगणकाने तांबडे खळगे काढून टाकले. रेघ सरळ झाली. आणि त्या सरळ रेघेवर बारीक खळगे राहिले, काळे, सारख्या अंतरावर, पहिल्यापेक्षा स्वच्छ.

"मॅडम, हेही तुमचेच ना?" साहेबांनी विचारलं. "रंगवायचे राहिले वाटतं."

"नाही," मी म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "तो माझा नाही. आणि या ताऱ्यावर काही नाही हा शेरा माझाच होता, तोही चुकला. लिहून घ्या."

खोलीत एकच कालवा झाला. सूनबाई मात्र जागची हलली नाही. मग उठून फळ्याशी गेली आणि पुढचा खळगा कधी पडायला हवा ते तिने लिहिलं. खरं-खोटं आता त्यावर ठरणार होतं. विमा कंपनीकडे तिने थोडे दिवस मागून घेतले, आणि साहेबांनी लांबच्या मोठ्या दुर्बिणीवर वेळ मागितला.

त्या दुर्बिणीकडे रात्र असते तेव्हा आमच्याकडे भर दुपार. आम्ही सगळे पडद्यासमोर उभे होतो. उजेडाची रेघ सपाट चालली होती. तिने लिहिलेली वेळ आली, तरी सपाटच. ती टेबलाची कड धरून उभी होती. मी तिच्या मागे, तोंडात रुमाल कोंबून.

मग रेघ जराशी कलली. मला वाटलं भास आहे. आणखी कलली, खाली गेली, आणि खालीच चालत राहिली.

"आई!" ती ओरडली. भर ऑफिसात, सगळ्यांदेखत, मॅडम नाही, आई. "आई, पाहिलंत? अहो, आता तरी बोला काहीतरी!"

मला बोलायचं होतं. डोळ्यांना धार लागली होती. मी तोंडातला रुमाल काढला. तिने माझे दोन्ही हात धरले.

"ठेव," मी म्हणाले. "त्या दिवशी विचारलं होतंस ना? ठेव गं बाई, ठेव."