चांदीचं पाणी पाजणारं बोंडलं

मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे. मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी माझी वाटी आणि तिला पुढे निमुळती चोच. तान्हेपणी माझ्यासारख्याच कुणाच्या तरी चोचीतून तुम्हीही दूध प्यायला असाल. अंगावर चकाकी असली, तरी मी आतून फार भित्रा आहे. पूर्वी असा नव्हतो. मैना नावाच्या एका पोरीला पाणी पाजलं, तेव्हापासून झालो.

महाडच्या एका सोनाराने मला घडवलं. बिरवाडीच्या रावजींनी आपल्या आईचे चांदीचे वाळे आटवायला त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "लेकीचं बाळंतपण हाय. चोच गुळगुळीत कर, पोराच्या ओठाला लागता कामा नाय." ती लेक म्हणजे येसूबाई. तिच्या सासरी, उमरठच्या वरच्या वाडीत, माझं केवढं कौतुक झालं! बायका मला उन्हात धरून निरखायच्या. पण येसूबाईचा पहिला मुलगा तापाने गेला. दवाखान्यात न्यायची तयारी चालली होती, तेवढ्यात गेला. मला धुऊन एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं, आणि तिथे मी काळवंडत पडून राहिलो.

पुढे मैना जन्मली तेव्हा घरात आनंदाच्या आधी भीतीच आली. तिची आजी, म्हणजे येसूबाईची सासू ठकूबाई, सारखी पोरीच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे का बघायची. बाप सहदेव मुंबईला गिरणीत होता. तो लेकीला बघायला आला तेव्हा त्याने पिशवीतून राणीछाप चांदीचे दोन रुपये, त्यांना जोडलेल्या तारा आणि बॅटरीचे सेल काढले. खोलीवरच्या कुणीतरी त्याला ही युक्ती शिकवली होती. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्याने रुपये आत सोडले आणि तारा सेलना लावल्या. हळूहळू एका रुपयापासून धुरासारखं काही सुटलं आणि पाणी गढूळ झालं.

"चांदीचं पाणी हाय, आये," सहदेव म्हणाला. "सगळे जंतू मरतात. ताप आला तर एक बोंडलं पाजायचं, बस्स."

मला डब्याबाहेर काढून राखेने घासलं. मला वाटलं, आपले दिवस पालटले.

सहदेव मुंबईला परतला आणि ते पाणी ठकूबाईच्या हाती आलं. आता गुटी तुम्हाला ठाऊक असेल. वेखंड, हळकुंड, जायफळ सहाणेवर उगाळून बाळाला देतात, आणि बाळ वाढेल तसे उगाळण्याचे वेढे वाढवतात. ठकूबाईने आपली सगळी मुलं गुटीवर वाढवली होती. तिने हे पाणीही गुटीच्याच चालीने द्यायला घेतलं. पोर पालथी पडली, एक बोंडलं वाढलं. रांगू लागली, आणखी वाढलं. ताप असो नसो, सकाळी गुटी आणि तिच्यामागोमाग पाणी. पाणी लवकर गढूळ व्हावं म्हणून पेल्यात मिठाची चिमूटही पडू लागली. मैनाला साधी शिंकही येईना, म्हणून शेजारची बनुबाई माझी वाहवा करायची. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो होतो.

आधी मला तिची नखं दिसली. पिताना मैना दोन्ही हातांनी मला धरायची, आणि तिच्या नखांच्या मुळाशी निळसर छटा होती. मग हिरड्या तशा झाल्या. मग अंगणात खेळून आली की तिचं तोंड चुलीतल्या राखेसारखं दिसू लागलं. माझ्याही तळाशी तसाच काळपट थर बसत होता, म्हणून मला संशय आला. वाडीतले लोक म्हणाले, पोरीला बाधा झाली. ठकूबाईची पाचावर धारण बसली. तिला एकच उपाय ठाऊक होता. तिने पाणी वाढवलं.

पोर निळी पडते म्हणून पाणी, आणि पाण्याने पोर आणखी निळी! मित्रांनो, चोच तिच्या ओठाला लागली की माझा थरकाप व्हायचा. पण मला ओरडता येत नव्हतं.

एकदा आंघोळ घालताना येसूबाई थबकली. झबल्याखालचं अंग पुष्कळ उजळ होतं आणि तोंड, हात मात्र निळे होते. "आत्याबाई, मी हिला महाडला दाखवून आणते," ती म्हणाली. ठकूबाईने नको म्हटलं नाही. फक्त पाण्याची बाटली आणि मला एका फडक्यात बांधून दिलं. "दुपारचं पाणी चुकवू नको गो."

पोलादपूरपर्यंत पायी आणि पुढे एस.टी.ने आम्ही महाडला पोचलो. डॉक्टरांनी मैनाची छाती तपासली, नखं दाबून पाहिली.

"हिला कसलं औषध चालू आहे?"

"नाय काय."

"वैद्याचं? झाडपाल्याचं?"

"नाय हो. औषध कसलंच नाय."

ती खोटं बोलत नव्हती. गुटीला काय किंवा त्या पाण्याला काय, घरात कुणी औषध म्हणतच नव्हतं. मी तिथेच फडक्यात होतो, पण मला कुणी विचारत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "हृदयात दोष असेल. मुंबईला न्यावं लागेल." मला पुढचं सगळं दिसलं. मुंबईला जायची जुळवाजुळव होईपर्यंत पोर घरी राहणार, आणि रोज पाणी पिणार.

तेवढ्यात मैना रडू लागली. दुपार झाली होती. येसूबाईने सवयीने फडकं सोडलं, मला भरलं आणि लेकीच्या ओठांना लावलं.

"थांबा! हे काय देताय?"

"पाणी हाय. चांदीचं."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून."

डॉक्टरांनी मला तिच्या हातातून ओढूनच घेतलं. मग त्यांनी समजावलं, की चांदी अंगात साठते, कातडीत बसते आणि ऊन लागलं की काळवंडते. हे आजच बंद करा, म्हणाले.

"मग रंग जाईल ना हो?"

"नाही, बाई. जिवाला धोका दिसत नाही. पण हा रंग आता राहणार."

घरी हे ऐकल्यावर ठकूबाई कितीतरी दिवस नीट जेवली नाही. येसूबाईने भिंतीवरचा आरसा काढून टाकला. मी पुन्हा डब्यात गेलो, त्या रुपयांच्या आणि तारांच्या शेजारी. मैना मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. पोरीला अजून काही कळत नाही, अशी घरात सगळ्यांची समजूत होती.

मग एका सकाळी बनुबाई आली. तिच्या नातवाचा खोकला हटत नव्हता. तिला ते रुपये आणि तारा हव्या होत्या.

"नको बने, माझ्या पोरीचं बघितलंस ना?" ठकूबाई म्हणाली.

"जगली ना पण? रंगाचं काय घेऊन बसलीस? माझा नातू जायला लागलाय गो!"

ठकूबाईला आपला गेलेला नातू आठवला असावा. तिने डबा उघडला. तिचा हात आत आला आणि मी भीतीने गारठलो.

"नको देऊ, आजी." मैना दारात उभी होती. "मग त्याला पण कोण खेळायला घेणार नाय."

ठकूबाईचा हात तसाच राहिला. मग तिने तारा ओढून काढल्या आणि तोडून चुलीत टाकल्या. "बने, पोराला उचल," ती रडत म्हणाली. "मी येते तुझ्यासंगं महाडला. आणि डाक्टर विचारील तेव्हा सगळं सांगायचं. गुटी, अंगारा, काय काय दिलंस ते सगळं."

मित्रांनो, मला जपा, घासूनपुसून ठेवा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो, की कुणी कितीही मायेने तान्ह्या बाळाच्या तोंडाशी काही आणलं, तरी त्यात काय आहे आणि ते कुणाला विचारून देताय, हे धीर करून विचारा. मैनाला विचारता येत नव्हतं. मी जवळ आलो की ती हसून तोंड उघडायची.