बाकावर न बसलेल्या बायका

मित्रांनो, दवाखान्यातल्या बाकाला कोणी नाव देत नाही की त्याचं वय विचारत नाही. मी बेळगावातल्या एका दवाखान्याचा लांबलचक, आता जुना झालेला बाक. माझं लाकूड खानापूरकडच्या फणसाचं. परशराम सुताराने रंधा मारून मला इतकं गुळगुळीत केलं होतं, की माणसं बसण्याआधी माझ्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "लई झ्याक काम केलंय रं!" त्या कौतुकाची मला अजून आठवण येते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. डॉ. हेरेकरांनी कंपवाताचा अभ्यास सुरू केला आणि मला त्यांच्या खोलीबाहेर ठेवलं. कंपवात म्हणजे पार्किन्सनचा आजार. त्यात हात थरथरतात, चाल मंदावते. डॉक्टरांची रीत सोपी होती. एका आजारी माणसामागे त्याच्याच वयाचं, त्याच्याच भागातलं एक धडधाकट माणूस बोलवायचं. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. दोघांना तेच प्रश्न विचारायचे: पाणी कुठल्या विहिरीचं, शेतात औषध मारता का, विडी ओढता का. मग उत्तरांत फरक कुठे पडतो ते पाहायचं.

वय मात्र कोणालाच धड ठाऊक नसे. बोरगावचे भीमाप्पा आजारी म्हणून आले, तेव्हा जोडीला शेजारचे मष्णू होते.

"वय किती?" शिपाई जोतिबाने विचारलं.

"ह्येच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी," मष्णू म्हणाले.

"खोटं बोलतंय! माझ्या मागनं जन्मलंय आणि घुगऱ्या खातंय!" भीमाप्पा म्हणाले, आणि सगळा व्हरांडा हसला.

भीमाप्पांना बसमधून उतरवून आणणाऱ्या होत्या तानीबाई, त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. पण थोरल्या दिरासमोर बाकावर बसायची चाल नव्हती. त्या डोक्यावरून पदर घेऊन खाली फरशीवर बसल्या. त्यांच्या शेजारी अशाच आणखी बायका, कोणी सासऱ्याबरोबर आलेली, कोणी नवऱ्याबरोबर. जोतिबा दार उघडून हाक द्यायचा, "बाकावरचे आत या." आणि बाकावर नेहमी पुरुषच असायचे.

एकदा डॉक्टर दारात उभे राहून म्हणाले, "जोतिबा, आपल्या भागात बायकांना हा आजार होतच नाही का रे?"

"बायकास्नी आजारी पडाय सवड कुठली, साहेब?"

डॉक्टर हसून आत गेले. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, माझ्या पायांशी बघा!

तिथे तानीबाई उजवा हात मांडीखाली दाबून बसलेल्या असत. मष्णूंच्या बायकोने, सोनुबाईंनी, एके दिवशी हटकलंच.

"हात का दाबून धरलाईस गं आक्का?"

"मुंग्या आल्यात."

"मुंग्या म्हणं! दिवाळीपास्नं मुंग्याच?"

"हळू बोल, आप्पा ऐकतील. विड्या वळताना दोरा बसंना झालाय माझ्या हातनं. काम सुटलं तर दोन पोरींनी काय खायचं?"

"मग दाखव की डॉक्टरला."

"बाकड्यावरच्यांस्नी बोलावत्यात. आप्पांच्या शेजारी बसू व्हय?"

मित्रांनो, त्या दिवसापासून मला एकच ओढ लागली. ही बाई एकदा, फक्त एकदा, माझ्यावर बसावी.

पुढच्या खेपेला भीमाप्पा आणि मष्णू आत गेले आणि मी रिकामा झालो. "बस की आता," सोनुबाई म्हणाल्या. तानीबाई उठल्या. उठताना त्यांनी माझ्या कडेला हात टेकला आणि ती थरथर माझ्या फळीतून सरसरत गेली. तेवढ्यात दार उघडून भीमाप्पा बाहेर आले.

तानीबाईंनी हात ओढून घेतला, पण उशीर झाला होता. भीमाप्पा त्या हाताकडे बघत राहिले. मग आपल्या हाताकडे. भिंतीला धरून, कण्हत, ते खाली फरशीवर बसले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"बस वर, तानी. मी बगत न्हाय."

"आप्पा, असं कसं..."

"बस म्हंतोय न्हवं!"

तानीबाई बसल्या. अगदी कडेला, पाखरू बसावं तशा. जोतिबाने रोजच्यासारखी हाक दिली, "बाकावरचे आत या," आणि समोर बाई बघून तो घोटाळला. "जोडीला मी हाय," म्हणत सोनुबाईही उठल्या. दोघी आत गेल्या.

बऱ्याच वेळाने, तानीबाईंना गोळ्या लिहून देऊन, डॉक्टर बाहेर आले. फरशीवरच्या बायकांवरून त्यांची नजर सावकाश फिरली. "जोतिबा, उद्यापासून खाली बसलेल्यांना आधी विचारायचं," एवढंच ते म्हणाले.

पण काम संपत आलं होतं. लवकरच त्यांची बदली झाली. लोखंडी खुर्च्या आल्या आणि मला परसात टाकलं गेलं. उन्हापावसाने माझा गुळगुळीतपणा गेला. तानीबाईंना गोळ्या लागू पडल्या का? दोरा बसू लागला का? मला कोणी सांगितलं नाही. लुगड्याची सळसळ ऐकू आली की अजून वाटतं, त्याच असतील.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, एखादा खिळा मारा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. उद्या तुम्ही शिकून मोठे व्हाल, माणसं तपासाल, माणसं मोजाल. तेव्हा समोर बसलेल्यांना विचारून झालं, की जागेवरून उठा आणि बसायला जागा कोणाला मिळाली नाही ते बघा. कोणी लाजेने उभं असेल, तर त्याला नुसतं "बसा" म्हणू नका. आपण आधी खाली बसा.