रिकामटेकड्याला सुट्टी

तो बोर्ड घ्यावा की घेऊ नये, यावरून मी आणि बारक्या सतरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय सेहेचाळीस, वजन नव्वद किलो, पण लहानपणी जे नाव पडलं ते पडलं. त्याचं गेम पार्लर आहे. जुनी उभी मशिनं, समोर उभं राहायचं, नाणं टाकायचं, दांडा धरायचा आणि बटणं बडवायची. अशी अकरा आहेत. ती बिघडली की दुरुस्त करते मी. माझं वर्कशॉप तिथून स्कूटरवर पंधरा मिनिटांवर आहे, आणि या कामातलं माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही. हे माझं मीच सांगते, कारण सांगायला दुसरं कुणी उरलेलंच नाही.

बोर्ड मल्टिगेमचा. पूर्वी एका मशीनमध्ये एक बोर्ड आणि त्या बोर्डात एकच खेळ असायचा. आता तळहाताहून जरा मोठा बोर्ड मिळतो आणि त्यात साठ खेळ येतात.

"ताई, साठ!" बारक्या फोनवर ओरडत होता. "एका मशीनवर साठ खेळ! माणूस कंटाळला की बटण दाबून दुसरा लावेल. जाईल कशाला?"

"तू मोजलेस का साठ?"

"डब्यावर लिहिलंय की."

मी मोजले होते. एका गिऱ्हाईकाचा तसला बोर्ड माझ्या टेबलावर आला होता, तो अख्खी दुपार चालवून पाहिला. साठातले एकोणीस तेच ते, नुसती नावं बदललेली. विमानाच्या खेळात गोळ्यांचा आवाज पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा. बटण दाबलं की उडी पडायला एवढासा उशीर होतो, आणि जुन्या खेळाडूचा जीव तेवढ्या उशिरातच जातो. हे सगळं मी बारक्याला ऐकवलं, जरा जास्तच ऐकवलं.

"बरं," तो म्हणाला, "पण सात नंबरच्या मशीनचा बोर्ड तू तीनदा जिवंत केलास. त्याच्या चिपा आता कुठे मिळत नाहीत, हे तूच सांगतेस. चौथ्यांदा काय करणार?"

ते खरं होतं, म्हणून माझं डोकं फिरलं. "घ्यायचा तर घे," मी म्हटलं, "पण मला बसवायला बोलवू नकोस." आणि फोन आपटला. मी अशीच आहे, मला कुणी बरोबर बोललं की राग येतो.

अठराव्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपमध्ये चहा पीत होते आणि त्याचा मेसेज आला. मला तो अजून पाठ आहे. "बोर्ड बसवला. मीच बसवला. एकदम सोपं होतं, उगाच भाव खातेस. मशीन हलकं करून दाराशी आणलंय. तुझ्या रिकामटेकड्यालाही सुट्टी दिली. पिक्चर झकास."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं आणि चहा तसाच खाली ठेवला.

हा रिकामटेकडा काय प्रकार आहे ते सांगते, नाहीतर कुणाला कळायचं नाही. प्रत्येक जुन्या मशीनच्या तळाशी, मागच्या बाजूला, विटेएवढा एक जड ट्रान्सफॉर्मर असतो. इतर ट्रान्सफॉर्मर वीज कमी करतात, नाहीतर वाढवतात. हा दोनशेतीस घेतो आणि दोनशेतीसच देतो. बारक्याने फार वर्षांपूर्वी विचारलं होतं, "ताई, हा करतो काय?" मी पान्याने त्यावर टकटक केलं आणि म्हटलं, "हा? हा रिकामटेकडा. जेवढं खातो तेवढंच देतो. तुझ्यासारखा नुसता बसून असतो." आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो. तेव्हापासून आमच्यात त्याचं तेच नाव. "रिकामटेकडा तापलाय का बघ." "रिकामटेकड्यावर पाणी सांडू नको." त्याचं खरं काम मी बारक्याला कधीच सांगितलं नाही. "तुला नाही कळायचं" म्हटलं की माझं भागत होतं.

खरं काम असं. घरातली वीज सारखी जमिनीकडे धावायला बघते. मध्ये माणूस आला तर माणसातून जाते. तो ट्रान्सफॉर्मर त्या विजेचा जमिनीशी असलेला संबंध तोडून टाकतो. पलीकडे तेवढीच वीज मिळते, पण तिला जमिनीशी काही देणंघेणं उरत नाही. जुन्या मॉनिटरचा सांगाडा सरळ विजेवर असतो. तो ट्रान्सफॉर्मर काढून मॉनिटरची वायर थेट प्लगमध्ये घातली, तर पिक्चर झकासच येतो, काही म्हणजे काही फरक दिसत नाही. फक्त मशीनचा पत्रा जिवंत होतो. बटणांची पट्टी, नाणं टाकायचं दार, सगळं. आणि त्या इमारतीतलं अर्थिंग नावापुरतंच आहे, हे मला ठाऊक होतं.

मी त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. पार्लर दहाला उघडतं. त्याआधी तो चप्पल बाहेर काढून, अनवाणी, बादलीभर पाणी ओतून फरशी धुतो. मग तोच ओला फडका पिळून सगळी मशिनं पुसतो. फोन तेव्हा गल्ल्याजवळ चार्जिंगला असतो. त्याला स्वच्छतेचं भारी वेड, आणि मी त्याचं कौतुक करायची!

चावी सापडेना. चावी हातातच होती.

स्कूटर चालू केली, पार्लरशेजारच्या शिंप्याला फोन लावला आणि तो हेल्मेटच्या आत खुपसला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला ताई."

"बारक्या कुठे आहे?"

"इथेच. शटर अर्धं वर आहे. पाण्याचा लोंढा माझ्या उंबऱ्यापर्यंत आलाय, तुम्हीच सांगा त्याला काहीतरी."

"धाव आणि त्याला सांग, सात नंबरला हात लावू नकोस. कुठल्याच मशीनला लावू नकोस. धाव!"

"का हो?"

"धाव म्हटलं ना!"

तो निघाला. फोन त्याने बंद केला नाही, सदऱ्याच्या खिशात टाकला असावा, कारण मला कापड घासल्याची खसखस ऐकू येऊ लागली. मग शटरचा आवाज. मग एक धून, तुतारीसारखी, पत्र्यावर वाटाणे पडावेत तसल्या आवाजात. नवा बोर्ड चालू होता, म्हणजे मशीन चालू होतं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले. शिंपी दुकानात अनवाणीच बसतो. मी त्या भल्या माणसाला ओल्या फरशीवरून त्या मशीनकडे पाठवला होता.

"आत जाऊ नकोस! अरे, दारातूनच सांग!" मी भर रस्त्यात बोंबलले. शेजारचा सायकलवाला दचकून बाजूला झाला. खिशातल्या फोनला काय ऐकू जाणार?

मग बारक्याचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. ओरडता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. "अं" असा एक अडकलेला, दातांमागचा आवाज, आणि तो थांबेचना. वीज माणसाला धरते तेव्हा हात सुटत नाही, जबडा सुटत नाही, छाती हलत नाही. मला माहीत आहे. तीस वर्षं हेच काम करतेय, मला एकदा धरलंय तिने.

"बारक्याशेठ?" शिंपी म्हणत होता. "अहो, काय झालं? थांबा, मी धरतो..."

"हात लावू नकोस त्याला!"

एवढ्या जोरात मी जन्मात ओरडले नसेन. घसा फाटला. स्कूटर कधी थांबवली, कुठे थांबवली, काही आठवत नाही. पण ते शिंप्याच्या खिशापर्यंत पोचलं.

"ताई?"

"लावू नकोस हात! जिन्याखाली मीटर आहेत, तिथला खटका पाड!"

पावलं धावली. छपाक, छपाक, मग कोरड्या फरशीवर. पाठीमागे ती धून वाजतच होती. बारक्याचा आवाज ऐकू येईनासा झाला. शिंपी लांब गेल्यामुळे की बारक्या थांबल्यामुळे, मला कळेना.

"ताई, इथे आठ खटके आहेत. कोणता?"

"सगळे पाड!"

"लिफ्टमध्ये कुणी असलं तर..."

"सगळे पाड रे बाबा, पाया पडते तुझ्या!"

खट. खट. खट. मी मोजत होते. पाचव्याला वरून कुणीतरी ओरडलं. आठवा पडला आणि त्याचवेळी फोन कट झाला. मी पुन्हा लावला, तर तो लागेना.

उरलेली सात मिनिटं मी कशी गेले ते सांगता येत नाही. मी देवाचं नाव घेतलं नाही, रडलेही नाही. मी मोठमोठ्याने बारक्याला शिव्या देत होते. गाढवा, बैला, अकलेच्या कांद्या, तुला कुणी सांगितलं होतं. आणि प्रत्येक शिवीनंतर मला उत्तर ऐकू यायचं, की मीच सांगितलं होतं. तो मेला असेल तर तो माझ्या विनोदाने मेला असेल, हे मला पक्कं कळलं होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

शटरखालून वाकून आत गेले. अंधारच होता. बारक्या भिंतीला टेकून पाण्यात बसला होता, पाय पसरून, तोंड उघडं टाकून. शिंपी त्याच्या शेजारी उकिडवा बसून त्याला कागदाने वारा घालत होता. बारक्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या उजव्या तळहातावर नाण्याच्या दाराची कड जशीच्या तशी उमटली होती, पांढरी, काठाला काळी.

"ताई," तो म्हणाला, "बोर्ड वाचला का गं?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. सेहेचाळीस वर्षांच्या भावाच्या, परक्या माणसासमोर. मग त्याचं डोकं पोटाशी धरलं आणि माझा सगळा धीर सुटला.

माझ्या ओढणीत तोंड असतानाच तो म्हणाला, "तूच म्हणायचीस ना, तो काहीच करत नाही म्हणून." रागाने म्हणाला नाही. त्याला खरंच कोडं पडलं होतं. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते.

डॉक्टरांनी ईसीजी काढला, चार तास झोपवून ठेवलं, हाताला मलमपट्टी केली आणि नशीब चांगलं म्हणून घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पार्लरमध्ये गेले. ट्रान्सफॉर्मर सात नंबरमध्ये पुन्हा बसवला, मॉनिटरची वायर त्याच्यातून घेतली, अर्थिंगची नवी तार थेट इमारतीबाहेर जमिनीत नेली. बारक्या सगळा वेळ दोन हात लांब उभा होता, हात पाठीमागे बांधून. मी प्रत्येक वायर धरून त्याला सांगत होते, ही इथून येते, इकडे जाते, हा हे करतो. वीस वर्षांपूर्वी सांगायचं ते. सांगायला बारा मिनिटं लागली.

"मी तुला कधी शिकवलंच नाही," मी म्हटलं. "सगळं मलाच येतंय, हे मला बरं वाटायचं. चूक माझी आहे."

त्याने हाताच्या पट्टीची सुटलेली कड आत खोचली. मग म्हणाला, "आणि बोर्ड?"

"बोर्ड ठीक आहे. सात नंबरला राहू दे, त्याचा जुना आता उठत नाही. बाकीच्यांचे चालताहेत तोवर तिथे असले बोर्ड घालायचे नाहीत. घ्यायचा असेल तर मला सांग, मी बसवीन."

मी मशीन चालू केलं. वीज तपासायचा मीटर पत्र्याला लावला. शून्य. जागा बदलून पुन्हा लावला, तरी शून्य.

"मीटर बिघडलेला नसेल कशावरून?" बारक्याने विचारलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

"मग मी हात लावून दाखवते."

"तुझ्या पायात रबराची चप्पल आहे," तो म्हणाला. "वीज असली तरी तुला कळायची नाही. आत्ताच तू शिकवलंस."

शहाणा! मी चपला काढल्या. फरशी गार होती. आणि खरं सांगते, तीस वर्षांत असल्या शेकडो पत्र्यांना हात लावला असेल, पण त्या दाराकडे नेलेला हात अर्ध्यावरच थांबला. मीटर शून्य दाखवत होता, वायर मी स्वतः जोडली होती, आणि तरी हात पुढे जाईना.

तेवढ्यात बारक्याने पाठीमागून त्याच्या चपला काढून लाथेने बाजूला केल्या आणि डाव्या, चांगल्या हाताने माझा दंड घट्ट पकडला.

"सोड, मूर्खा," मी म्हटलं. "पत्र्यात वीज असली तर तुलाही धरेल."

"धरू दे."

"बारक्या, सोड म्हणते ना!"

"तू लाव हात," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मी आहे."