हिरव्याला उत्तर

मोहना भंगाळे सिग्नल ओळखायला चुकली नाही. सिग्नल हिरवा असून तिने गाडी हलवली नाही, म्हणून ती नापास झाली.

बडोद्याच्या प्रशिक्षण केंद्रात जपानमधल्या विजेच्या शहरी गाडीचं सिम्युलेटर आहे. केबिनमध्ये खुर्ची एकच. समोरच्या पडद्यावर टोकियोजवळचं कुठलंसं उपनगर. चालकाने सिग्नलकडे बोट दाखवायचं, रंग मोठ्याने उच्चारायचा आणि निघायचं. पास होणाऱ्याला सहा महिने जपानमध्ये प्रशिक्षण. मोहनाने त्यासाठी जवळच्या सावली गावातल्या कारखान्यातली नोकरी सोडली होती.

तिने बोट दाखवलं. "सिग्नल हिरवा!" म्हणाली आणि थांबली. पडद्यावरचे प्रवासी चढले, दारं मिटली. गाडी जागेवरच.

"कशासाठी थांबलात?" परीक्षक होरिउचींनी दुभाष्यामार्फत विचारलं.

"उत्तरासाठी."

"कोणाच्या?"

उत्तर देणारा माणूस बडोद्यातच, छाणी भागात, घरी होता. तिचे वडील विश्वंभर मालगाडीचे निवृत्त चालक. भुसावळहून बदलीवर आले आणि इथलेच झाले. त्यांच्या केबिनमध्ये माणसं दोन असत. एकाने सिग्नल पुकारायचा, दुसऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे, मगच पुढे. लेकीचा सराव त्यांनी याच पद्धतीने करून घेतला होता. ती स्वयंपाकघरातून "गॅस बंद!" म्हणाली की पेपरामागून "गॅस बंद!" आलंच पाहिजे.

फेरपरीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

"केबिनमध्ये एकटाच माणूस?" विश्वंभर म्हणाले. "त्याला डुलकी लागली म्हणजे?"

"तिकडे नाही लागत, बाबा."

"आमच्याकडे कोळसा वाहून न्यायला दोन माणसं होती. यांच्याकडे एवढ्या माणसांना एक!"

"बाबा, माझी सवय तुम्हीच मोडायची. आठवडाभर काही म्हणजे काही उत्तर द्यायचं नाही."

विश्वंभर नियमाचे पक्के. त्या क्षणापासून गप्प झाले. मोहना बोट दाखवून पुकारायची. त्यांचे नुसते ओठ हलायचे. एकदा ती बाल्कनीतून "दूध गॅसवर!" म्हणाली. ते शेगडीसमोरच उभे होते. उत्तर देणं नाही तर हात लावणंही नाही, असा अर्थ त्यांनी घेतला. दूध उतू गेलं.

"हाश!" ओटा पुसताना मोहनाची आई सुनंदाबाई म्हणाल्या. "दूध गेलं तर गेलं. लग्नानंतर पहिल्यांदा घरात शांतता आहे, निरांत आहे. ही परीक्षा दर महिन्याला ठेवायला सांग गं."

फेरपरीक्षेत मोहनाने बोट दाखवलं, "सिग्नल हिरवा!" म्हणाली आणि गाडी काढली. होरिउचींनी मान लववली. दुभाष्याला काही करावं लागलं नाही.

घरी पोचल्यावर चपला न काढताच तिने दारातून बोट उंचावलं.

"जपान, सहा महिने!"

पेपर हलला नाही. ती तशीच उभी राहिली.

"बाबा, मी काय म्हटलं?"

पेपर खाली आला. "थांबलीस ना पुन्हा?"

"हो, पण..."

"नापास."

"अहो, पुरे आता," सुनंदाबाई आतून ओरडल्या. "पेढे आणा आधी!"

विश्वंभरांनी निमूटपणे पिशवी घेतली, चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. मोहना सोफ्यावर बसते न बसते तोच जिन्यातून, शेजाऱ्यांची दारं उघडतील एवढ्या मोठ्याने आवाज आला:

"जपान, सहा महिने!"