खुंटीच्या डाव्या अंगाला

मुकादमांनी घण खाली ठेवला, ठोकलेली खुंटी पायानं एकदा ढोसून पाहिली आणि चढावर जमलेल्या माणसांकडे वळून म्हणाले,

"हिच्या डोक्यावर आणून ठेवतो. कुणाला शंका असेल तर आत्ताच बोला. मागनं कुरकुर नको."

शंका कुणालाच नव्हती. मोठं झाड पाडायचं असलं की ते जिथे आडवं व्हायला हवं तिथे आधी एक खुंटी ठोकायची आणि मग झाडाकडूनच ती जमिनीत गाडून घ्यायची, ही लाकूडतोड्यांची जुनी रीत. भल्याभल्यांचं झाड खुंटीला चुकवून जायचं आणि मग महिनाभर लोकांची थट्टा ऐकावी लागायची. मुकादमांचा नेम उभ्या आयुष्यात चुकला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मुकादम स्वतःच ते सांगायचे. दवाखान्याच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर कुणाच्या मयतीलाही.

त्यांची लेक दोन हातांवर उभी होती. खालच्या उतारावरची रोपं तिनंच लावलेली.

"बाबा, माझं एकही रोप मोडायचं नाही."

"पोरी, पानसुद्धा हलणार नाही."

"वाऱ्यानं हललं तर चालेल," ती म्हणाली, पण हसली नाही.

या डोंगरावर एकेकाळी भर दुपारी अंधारून यावं असं जंगल होतं. मुकादमांच्या टोळीनं ते वर्षानुवर्षं तोडलं, ट्रकांत भरलं आणि धाडून दिलं. मग झरे आटले. पाऊस येईनासा झाला, आला की माती घेऊन जायचा. मुकादमांच्या लेकीनं त्याच उघड्या उतारावर रोपं लावायला घेतली तेव्हा गावानं बोलायची संधी सोडली नाही. बापानं डोंगराचे कपडे उतरवले, लेक शिवत बसलीय, असं म्हणायचे. हे ऐकून मुकादम उसळायचे. "मी पाडलं म्हणून तुमच्या डोक्यावर छपरं आली," असं सुनावायचे. घरातही हा विषय निघाला की जेवणं गप्प व्हायची. दोघंही हट्टी, आणि दोघांनाही आपल्या कामाचा सारखाच ताठा.

जुन्या जंगलातलं एकच झाड उरलं होतं. बुंधा आतून पोकळ, म्हणून टोळीनं तेव्हा सोडलेलं. सगळे त्याला थोरला म्हणायचे. आसपासची सावली गेल्यावर थोरला एकटाच ऊन खात राहिला, आणि लागोपाठच्या कोरड्या वर्षांत शेंड्यापासून वाळत आला. त्याला मोहर यायचा, पण फळं कोवळेपणीच गळून जायची. लेकीनं दर वर्षी त्याच्या बुंध्याखाली बसून बी शोधलं होतं. मिळालेलं मूठभर पेरलं, तेही कुजलं. या जातीचं दुसरं झाड डोंगरावर नव्हतं. थोरला मेला त्या उन्हाळ्यात ती त्याला टेकून रडली होती, आणि कुणी पाहिलं असेल याची तिला पर्वा नव्हती.

आता मेलेला थोरला रोपांच्या बाजूला कलला होता. वादळात आपणहून आला असता तर अर्धी लागवड भुईसपाट. यंत्रं घेऊन येणाऱ्या माणसांना तिनं विचारलं, तर ते म्हणाले, साधारण इकडे पडेल. साधारण! शेवटी तिनं बापाला विचारलं. एवढ्या वर्षांत तिनं त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली कुऱ्हाड होती. मुकादम त्या दिवशी खुशीत दोन भाकऱ्या जास्त जेवले.

जागा तिनंच दाखवली. रोपांच्या दोन रांगांमध्ये एक खडकाळ पट्टा होता, नेचे आणि कुजकी पानं यांनी भरलेला.

"इथे मी काही लावलेलं नाही. इथेच आणा."

आणि खुंटी तिथे ठोकली गेली.

मुकादमांनी पडायच्या बाजूनं बुंध्याला खाच पाडली. करवतीचं यंत्र ओरडत होतं, भुसा उडत होता, आणि म्हाताऱ्याचे हात अजून जड यंत्र लीलया फिरवत होते. ते पाहताना लेकीला ऊर भरून आल्यासारखं झालं आणि त्याचा रागही आला. मग त्यांनी मागची बाजू कापायला घेतली, अर्ध्यावर आणून यंत्र बंद केलं. थोरल्याच्या पोटात कुठेतरी कडकड झाली.

आता त्यांच्या रीतीतला शेवटचा भाग. शेवटच्या कापाआधी मुकादम चपला काढायचे आणि झाड जिथून जाणार त्या रेषेवरून खुंटीपर्यंत एकटे चालून यायचे. "त्याला ज्या वाटेनं पाठवायचं, त्या वाटेनं आधी आपण जावं," असं म्हणायचे.

ते गेले. खुंटीपाशी पोचले आणि थांबले. मग खाली बसले. हातानं पानं बाजूला सारताना दिसले.

"गुडघ्यानं दगा दिला वाटतं," पाचर म्हणाला.

पाचर हा टोळीतला जुना गडी. दोघांच्या बोलण्यात घुसून फट पाडायची सवय, म्हणून हे नाव. मुकादमांचा नेम चुकलेला पाहायची इच्छा त्यानं तरुणपणापासून जपली होती. लोक हसले.

मुकादम उठले ते सावकाश. त्यांनी डावीकडच्या रांगेकडे पाहिलं. लेकीची सगळ्यात पहिली लागवड ती, आता तिच्या डोक्याच्याही वर गेलेली. उजवीकडे पायवाट होती आणि तिच्यावर माणसं. वर थोरला पुन्हा कडकडला. एवढ्या कापानंतर त्याला तसंच उभं सोडून घरी जाणं शक्य नव्हतं. मुकादम परत आले, चपला घातल्या, यंत्र सुरू केलं. लेकीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

थोरला पडताना आधी आवाज आला, मग आभाळ मोकळं झालं. जमीन हादरली. धुरळा बसला तेव्हा खुंटी जागच्या जागी ताठ उभी होती, आणि थोरला तिच्या डाव्या अंगाला, पहिल्या रांगेवर आडवा पसरला होता.

मग पाचरनं टाळी वाजवली.

"मुकादम! चुकलास रे!"

सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा वाऱ्याला शिव्या देणार, यंत्राला देणार, पोकळ बुंध्याला देणार. मुकादमांनी कपाळावरचा भुसा पुसला.

"चुकलो," ते म्हणाले. आणि यंत्र खांद्यावर टाकून उतरून गेले.

पाचरनं बुंध्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते घडल्यावर माणूस कारणं शोधत बसत नाही. तो गावाला बातमी द्यायला सगळ्यांच्या पुढे पळाला.

लेक मागे राहिली. मोडलेल्या रांगेपाशी गेली आणि तिचा संताप अनावर झाला. पानसुद्धा हलणार नाही म्हणे! ज्या हातांनी सगळा डोंगर खाल्ला त्यांच्यावर विश्वास टाकला हीच आपली चूक, असं स्वतःशी बोलत ती बुंध्याजवळ आली. आणि तिथे थबकली.

ती मुकादमांची लेक होती. झाड पाडताना खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये लाकडाची एक पट्टी राखतात, तिला टोळीत बिजागरी म्हणायचे. बिजागरी दोन्हीकडे सारखी राखली तर झाड सरळ जातं. एका बाजूला जाड राखली तर झाड तिकडे ओढलं जातं. हे तिनं लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. थोरल्याची बिजागरी उजवीकडे पातळ होती. डावीकडे चांगली मनगटाएवढी जाड.

ती धावत खुंटीपाशी गेली आणि गुडघ्यांवर बसली. पानं कुणीतरी सारून पुन्हा हलक्या हातानं पांघरली होती. खाली वीतभर उंचीचं एक रोप होतं. तिनं पान उलटून पाहिलं. मागची बाजू तांब्याच्या रंगाची. असं पान फक्त थोरल्याचं. जरा पलीकडे, खडकाच्या आडोशाला, अजून एक.

बी पंखांचं, कधीतरी वाऱ्यानं इथवर आणून टाकलं असणार. ती दर वर्षी बुंध्याखाली शोधत राहिली, आणि जिथे आपण लावलं नाही तिथे काही नाही असं धरून चालली. खुंटीची जागाही तिनंच दाखवली. ती तिथेच बसून राहिली, आणि यावेळी रडताना तिला हसूही येत होतं.

मुकादम परसात यंत्राची साखळी पुसत बसले होते.

"बाबा, तिथे कुणालाच का नाही सांगितलंत?"

"त्या गर्दीत? बघायला सगळे धावले असते. थोरल्याच्या तावडीतून सुटलं ते यांच्या पायांखाली गेलं असतं."

"निदान मला तरी हाक मारायची."

"तुला विचारलं असतं तर स्वतःची रोपं मोडायला तुलाच हो म्हणावं लागलं असतं." त्यांनी साखळी उलटी केली. "मोडायचं काम माझं. त्यात तुझा हात कशाला?"

ती त्यांच्याजवळ उकिडवी बसली. मग म्हणाली, "उद्या गावात सांगते. त्या पाचरचं तोंड बंद करते."

"खुळी आहेस का? सांगितलंस की रोज एक जण वर चढणार आणि आठवण म्हणून पान तोडून नेणार. माझ्या उंचीची होऊ देत, मग सांग."

त्याला किती वर्षं लागतात हे तिला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मुकादमांनी फडकं झटकलं.

"पण तेव्हा नीट सांग हं. नेम चुकला नव्हता म्हणावं. हे गाळू नकोस."

"नाही गाळणार, बाबा."

दुसऱ्या दिवशी ती खिळे आणायला दुकानात गेली, तर पाचर तिथे आधीच बसलेला. आजूबाजूला चांगली मंडळी जमवून तो कालची हकीकत सांगत होता. ती दिसताच त्यानं आवाज चढवला.

"ये गं, ये! तूच सांग यांना, हे खरंच मानत नाहीत. तुझ्या बापाचा नेम चुकला की नाही?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिनं पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि मान ताठ करून उभी राहिली.

"चुकला, काका," ती म्हणाली. "मी डोळ्यांनी पाहिलं. चांगला चार हात चुकला. असा चुकायला माझाच बाप पाहिजे."

पाचर हसायला गेला, पण तिच्या तोंडाकडे पाहून त्याला ते जमेना.